आईच्या आईची नोंद

माझी आई बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवत नसे. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या ओळीत वर्षाला एखादी तरी बाळंत व्हायचीच. प्रत्येकीसाठी आई डिंकाचे लाडू वळायची, अळिवाची खीर करायची, शेकायला कोळसे काढून द्यायची. पण ते पोचवायला मला पिटाळायची. "तू का येत नाहीस?" म्हटलं की, "मला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?" हे ठरलेलं उत्तर. शेजारणींना वाटायचं, बाई मनानं चांगली आहे, पण जरा शिष्ट आहे.

खरं कारण मला जाणती झाल्यावर कळलं. आईच्या जन्माच्या वेळी तिची आई गेली, असं आमच्याकडे सगळे सांगत. सासरी, वडगाव रासाईला बाळंतपणात ती गेली, पोर तेवढी वाचली, आणि त्या पोरीला तिच्या मामानं वरवंडला आपल्या घरी नेऊन वाढवलं. मामी काही दुष्ट नव्हती. पोटभर खायला घालायची, सणाला परकर शिवायची. पण डोकं फिरलं की तिचं एकच वाक्य असायचं: "आईला खाऊन आलीस, आता मला खा." मामीच्या घरात कुणाचे दिवस भरले की आईला शेजारी ठेवत. पुढे ठेवायची गरज उरली नाही, ती आपणहून निघून जायला लागली.

"मग आम्ही दोघं भावंडं झालो तेव्हा तू कशी वाचलीस? आम्ही कसे वाचलो?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"आपल्या पोटचं येगळं," ती म्हणाली. "दुसरीच्या बाळंतपणाला माझी सावली नगं."

बरं, बाकी कशात ती अशी नव्हती. धर्मांतर झालं तेव्हा मी अगदी लहान होते, पण घरातले देव आईनंच फडक्यात बांधून दिले आणि वडिलांनी ते भीमेत सोडले, हे मला तिनं हसत हसत सांगितलेलं आठवतं. उपास गेले, अंगारे गेले. अमावास्येला दारात लिंबू टाकणाऱ्या शेजारणीची ती टर उडवायची. माझे वडील लोको शेडला फिटर होते आणि रविवारी विहारात बोलायला उभे राहायचे, ते बहुतेक अंधश्रद्धेवरच. सगळ्या वस्तीला त्यांनी शहाणं केलं, पण या एका गोष्टीपुढे घरात त्यांनी हात टेकले होते. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. देव नदीत सोडता येतो, हे कुठे सोडायचं?

शाळेतली नोकरी लागली, लग्न झालं आणि मी पाबळला गेले. नवराही शिक्षक. दिवस राहिले तेव्हा पहिलं बाळंतपण दौंडला, माहेरी, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. पाचव्या महिन्यात भेटायला गेले, तर आईनं सगळं परस्पर ठरवून टाकलेलं. वरवंडची मावशी, म्हणजे त्याच मामाची मुलगी, येऊन राहणार. दवाखान्यात माझ्याबरोबर तीच असणार. घरी आल्यावर मला आणि बाळाला न्हाऊमाखू तीच घालणार.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी हाय की. चुलीपाशी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंडाला येईल ते बोलले. बाबांचं सगळं भाषण तिला ऐकवलं, वर माझी दोन वाक्यं जास्त. खरं सांगायचं तर मला त्या बाळंतपणाची भयंकर भीती वाटत होती. मावशी कितीही हुशार असली तरी मला माझी आई हवी होती, एवढंच होतं. आई ज्वारी पाखडत होती. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"एक बाई माझ्यापायी गेली," ती म्हणाली. "आता तुला काय झालं तर मी काय करू? बोल की. मास्तरीन हाईस ना?"

आजवर मी हा तिचा हट्ट समजत होते. ती नुसती घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला काहीतरी दाखवावं लागतं.

मला वाटलं, तिची आई बाळंतपणानं गेलीच नसेल तर? त्या काळात प्लेग होता, पटकी होती, साधा ताप माणूस घेऊन जायचा. बाळंत झालेली बाई दुसऱ्या कशानं गेली असेल आणि बोलताना दोन्ही एक झालं असेल. मेलेल्याची नोंद कुठेतरी असतेच, आणि नोंदीत मरणाचं कारण लिहायला एक रकाना असतो. शाळेत पोरांची नावं घालताना जन्माचे दाखले पाहून मला तेवढं माहीत झालं होतं. दाखला नसला की आम्ही मास्तर लोक सरळ एक जून लिहायचो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली होती. आईला तर तो एक जूनही मिळाला नव्हता, कारण ती शाळेतच गेली नव्हती.

वडगाव रासाई शिरूर तालुक्यात येतं आणि पाबळही. जुनी रजिस्टरं शिरूरला कचेरीत होती. शिवाय माझ्या हिशेबात एक गोष्ट भक्कम होती. माझा आजा, आईचा बाप, गावकामगार होता. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की पोलीस पाटलाला जाऊन वर्दी द्यायची, हे त्याच्या पाळीचं काम. पाटील लिहून घ्यायचा आणि ते तालुक्याला जायचं. साऱ्या गावाची वर्दी देणारा माणूस स्वतःच्या बायकोची देणार नाही, असं होणार नाही.

एका शनिवारी शाळा सकाळची करून मी शिरूरला गेले. रेकॉर्डचे कारकून पन्नाशीचे होते. मोडी वाचता येते म्हणून त्यांना त्या खोलीत बसवलं होतं आणि त्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी आधी स्टूल पुढे केलं.

"साल कुठलं?"

"साल माहीत नाही," मी म्हटलं. "आईचं लग्न कधी झालं ते माहीत आहे. तेव्हा ती चौदा-पंधराची असेल."

"आसंल म्हंजी? मग काय सगळं इंग्रजांचं राज्य वाचीत बसू का बाई?"

पण बसले. गावाची रजिस्टरं काढली, फुंकर मारली आणि एकसुरी आवाजात वाचायला लागले. जन्माच्या नोंदीत मुलाचं नावच नसायचं. बारसं व्हायच्या आधीच वर्दी जायची, त्यामुळे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', पुढे बापाचं नाव आणि जात. बऱ्याच वेळानं आजाचं नाव आलं. त्याच्या घरी मुलगी. मला एकदम भरून आलं. आईच्या जन्माचं एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. मग मृत्यूचं रजिस्टर काढलं. आजीचं नाव मला पाठ होतं. एका नदीचं नाव होतं ते, वरवंडच्या घरात सगळे तेच घ्यायचे. त्या महिन्यात त्या नावाची बाई गेलेली नव्हती. पुढच्या महिन्यात नाही, त्या वर्षातच नाही.

"ऱ्हायली आसंल वर्दी," कारकून म्हणाले.

"राहणार नाही. वर्दी देणं हेच त्याचं काम होतं."

"मग पुढं बगू?" ते माझ्या आवाजाला जरा वचकले असावेत. पुढे वाचत गेले. दोन-अडीच वर्षांनी जन्माच्या रजिस्टरात पुन्हा आजाच्या घरी मुलगी. ही कोण? मी कधी ऐकली नव्हती. आणि त्याच महिन्यात मृत्यूच्या रजिस्टरात एक बाई. त्यांनी वाचलं ते असं, की अमकी कोम अमका. कोम म्हणजे अमक्याची बायको. नवरा म्हणून आजाचंच नाव. बाईचं नाव मात्र नदीचं नव्हतं, एका देवीचं होतं. कारण, बाळंतरोग. खाली दोन-चार नोंदी सोडून आजाच्याच घरची मुलगी, वय काही दिवस, तीही गेलेली.

"दुसरी बायको," कारकुनांनी रजिस्टर मिटलं. "दोन-दोन करायचे लोक तवा."

मी परत एस.टी.त बसले ती वैतागूनच. गेले होते आजीचं मरण शोधायला आणि हाताला लागली आजीची सवत. तीही बाळंतपणातच गेलेली. हे आईला सांगितलं असतं तर तिनं दुसरं मरणही स्वतःच्या नावावर मांडून घेतलं असतं. मी कुणाला काही बोलले नाही. पण एक कुसळ डोक्यात राहिलं. सवत गेली त्याची वर्दी आजानं दिली, चार दिवसांच्या पोरीची दिली, मग पहिल्या बायकोचीच कशी विसरला?

सातव्या महिन्यात रजा टाकून मी दौंडला निघाले, तेव्हा वाटेत पुन्हा शिरूरला उतरले. निदान आईच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घ्यावी, तिला वय तरी कळेल, एवढाच विचार होता. नवरा कचेरीबाहेर ट्रंकेवर बसून राहिला. कारकुनांनी अर्जाचा कागद दिला, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावून घेतलं आणि सहीची जागा दाखवली.

मी पेन घेतलं आणि थांबले. माझं नेहमीचंच होतं ते. शाळेच्या दाखल्यावर, डी.एड.च्या सर्टिफिकेटावर माझं एक नाव. सासरी गेल्यावर दुसरं. आम्ही धर्म बदलला, पण सुनेचं नाव बदलायची हौस कुणी सोडली नव्हती. पगाराला एक नाव, रेशन कार्डाला दुसरं. दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करायला मी ग्रामपंचायतीचा लग्नाचा दाखला आणि लग्नपत्रिका जोडून वर्षभर अर्ज केले होते. कुठेही सही करताना मला आधी विचार करावा लागायचा, की इथे मी कोण आहे?

"काय झालं बाई?"

"कुठलं नाव घालू?"

"तुमचं."

"दोन आहेत."

"मग घाला की कुठलं बी येक. मानूस तर येकच हाय न्हवं?"

ते सहज बोलून गेले. मी हातातलं पेन खाली ठेवलं. मी आजीला तिच्या माहेरच्या नावानं शोधत होते. वरवंडच्या घरात, तिच्या भावाच्या घरात, दुसरं कुठलं नाव घेणार? आणि वर्दी द्यायला गेला होता तो तिचा नवरा. त्यानं त्याच्या घरात हाक मारायचं नाव सांगितलं. दुनियाभर अर्ज करून मी माझी दोन नावं जुळवत फिरत होते, आणि आजीची दोन नावं म्हणजे मला दोन बायका वाटल्या.

"ती दुसरी बायको परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. मी कागदावर ओळीनं लिहिलं. पहिली मुलगी जन्मली, कुणी मेलं नाही. दोन-अडीच वर्षांनी दुसरी जन्मली. तिच्या बाळंतपणात आजी गेली. मागोमाग ती मुलगीही गेली. मग मामा ज्या पोरीला वरवंडला घेऊन गेला ती कोण? जिवंत उरलेली एकच होती, पहिली. आजी गेली बाळंतपणातच, त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त ते बाळंतपण आईचं नव्हतं.

सगळ्या नोंदींच्या नकला घेतल्या. कारकुनांनी आणखी तिकिटं मागितली, मी दिली.

संध्याकाळी आम्ही वरवंडला मावशीकडे उतरलो. मला एकदा खात्री करून घ्यायची होती. जेवणं झाल्यावर मी मावशीला विचारलं, "आजीला सासरी काय म्हणायचे?"

मावशीनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आमचे आबा ते नाव घरात घिऊ द्यायचे न्हाईत. त्या लोकांनी माझी भैन मारली म्हणायचे. लेकुरवाळी बाई, आजारी, आन् तिला कामाला जुपली म्हणं." आणि मग हळू आवाजात तिनं नाव सांगितलं. देवीचंच होतं.

"आणि आईला इथं कसं आणलं?"

"आबांनी आणली की. वडगावापासनं चालत. खांद्यावर बसवून. ही आबांचं क्यास घट्ट धरून बसली हुती, लई दुखायचं, आसं सांगायचे आबा." मावशी हसली.

मी म्हटलं, "मावशे, चार दिवसांचं पोर खांद्यावर बसतं का? केस धरतं का?"

मावशीचं हसू तसंच राहिलं. एवढी वर्षं या घरात आईला खाऊन आल्याची गोष्टही सांगत होते आणि खांद्यावर बसून आल्याचीही, एकाच ओसरीवर, त्याच तोंडांनी. दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितल्या नव्हत्या. मीही लहानपणी दोन्ही ऐकल्या होत्या आणि बघितल्या नव्हत्या. मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आमच्या आईनं लई बोललं तिला." पण मामी जाऊन वर्षं झाली होती, तिच्याशी आता कोण भांडणार?

दौंडला पोचलो तेव्हा बाबा ड्यूटीवर होते. चहा झाला, नवरा स्टेशनवर चक्कर मारायला गेला, आणि मी आईला समोर बसवून कागद वाचून दाखवले. शाळेतल्या सवयीनं एकेक मुद्दा समजावून सांगत गेले. नावांचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल, सुटल्यासारखी होईल, निदान मला शाबासकी देईल. ती नुसती म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजी मी व्हते तवा ती जित्ती व्हती?"

"हो."

"दोन-अडीच वरीस?"

"हो आई."

"मग तिनं मला पाजलं आसंल."

"पाजलंच असेल की. दुसरं कोण पाजणार?"

आई बसल्या जागी पुढे वाकली आणि तिनं हंबरडा फोडला. मी तिला रडताना पाहिलं नव्हतं असं नाही. पण हे मयताच्या घरातलं रडणं होतं, गळा काढून, नाव घेऊन. आधी ती नदीचं नाव घेऊन रडली, मग मी नुकतंच सांगितलेलं ते दुसरं नाव घेऊन. मला तेव्हा कळलं की तिनं आजवर आईसाठी कधी रडूनच घेतलं नव्हतं. जिनं मारलं तिनं रडायचं कुठल्या तोंडानं? मीही तिला धरून रडले. पोटातलं पोर लाथा मारत होतं.

आवाज ऐकून ओळीतल्या बाया धावत आल्या. पुढची दारातूनच ओरडली, "काय झालं वो? कोण गेलं?"

आईनं तोंड वर केलं.

"माझी आय गेली," ती म्हणाली.

बायांनी पुढे काही विचारलं नाही. दोघी-तिघी खाली बसल्या, एकीनं तिची पाठ धरली, एकीनं पाणी आणलं. आईची आई कधीच नव्हती हे त्यांना माहीत असेल-नसेल. त्या ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांनी केलं. बाबा ड्यूटीवरून आले, दारातल्या चपला बघून घाबरले, मग मी दिलेले कागद वाचून एका बाजूला बसले. त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही.

दिवेलागणीला शेजारणीनं मयताच्या घरी नेतात तशी पिठलं-भाकरी आणली. आमची चूल पेटली नव्हतीच. सगळे जेवलो. आईही जेवली. हात धुऊन, पदराला पुसत ती माझ्याजवळ आली, माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि बाबांकडे बघून म्हणाली, "वरवंडला उद्याच्याला कळवा. यायची गरज न्हाई म्हणावं. पोरीजवळ मी हाय."